पुडीतून काढलेली गोळी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, तुम्ही नोकरीत काय करत होता? मी सांगते, पुड्या सोडत होते. ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहते आणि पलीकडून आमचे हे डोळे वटारतात. मला हे उत्तर फार आवडतं, कारण ते चावट असलं तरी शंभर टक्के खरं आहे. नव्वदच्या दशकात नेरूळच्या एका वृद्धाश्रमात मी फार्मासिस्ट होते. माझा निम्मा वेळ औषधांच्या पुड्या बांधण्यात गेला आणि निम्मा वेळ बांधलेल्या पुड्या पुन्हा सोडण्यात. बांधायला डोकं लागतंच, पण सोडायला जास्त लागतं. हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही.

आश्रम म्हणजे एका ट्रस्टची एकमजली इमारत. चहूबाजूंनी मोकळे प्लॉट, त्यात कमरेएवढं गवत, आणि प्रत्येक प्लॉटवर लवकरच भव्य संकुल उभं राहणार असल्याची पाटी. पाट्या गंजून पडल्या तरी संकुलं उभी राहिली नव्हती. खाडीकडून वारा असा यायचा की पुडी बांधताना कागदावर पेला ठेवावा लागे. नाहीतर सकाळचं औषध उडून कोणाच्या तरी संध्याकाळच्या पोह्यांत जायचं.

आमच्याकडे चाळीसेक म्हातारी माणसं होती आणि एकेकाला पाच-पाच, सहा-सहा गोळ्या. एवढ्या बाटल्या त्यांच्या उशाशी ठेवल्या असत्या तर निम्म्यांनी दोनदा घेतल्या असत्या आणि उरलेल्यांनी एकदाही नाही. म्हणून मी आठवड्याच्या पुड्या आधीच बांधून ठेवायची. सकाळची पांढऱ्या कागदात, दुपारची पिवळ्या, रात्रीची निळ्या. ज्या मावशी पुड्या वाटायच्या त्यांना वाचायला येत नसलं तरी रंग कळायचा. आमचे व्यवस्थापक शिर्के साहेब वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून सफरचंदांच्या खोक्यातले खळगेवाले पुठ्ठे मागून आणायचे. एका खळग्यात एक पुडी, एका पुठ्ठ्यावर एक माणूस. कपाट उघडलं की औषधांच्या वासाआधी सफरचंदांचा वास यायचा.

इथवर सगळं छान. पंचाईत व्हायची ती डॉक्टर साठे येऊन गेल्यावर. ते मंगळवारी आणि शुक्रवारी वाशीहून स्कूटरवर यायचे. माणूस देवासारखा, पण देवासारखाच कमी बोलणारा. तपासून झालं की कागदावर एखाद्या गोळीपुढे लिहायचे, बंद. त्यांचं काम झालं. माझं तिथून सुरू व्हायचं, कारण ती गोळी आठवड्याभराच्या पुड्यांत आधीच जाऊन बसलेली असायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय, पुडी उघडायची आणि ती गोळी उचलायची. उचला बघू. बाटलीत होती तेव्हा तिला नाव होतं. पुडीत आली की ती नुसती पांढरी, गोल, बारकी. हृदयाची गोळी पांढरी आणि बारकी, लघवी होण्याची पांढरी आणि बारकी, थायरॉइडची तर त्यांची सख्खी बहीण. एका शाळेच्या गणवेशातल्या मुली लांबून ओळखायच्या तसला प्रकार. चुकीची उचलली तर बंद झालेली पोटात जाणार आणि हवी असलेली कचऱ्यात. म्हणून माझा नियम होता, पुडीतून गोळी वेचायची नाही. पुडी स्टीलच्या ताटात पूर्ण रिकामी करायची, डॉक्टरांचा ताजा कागद समोर ठेवून एकेक गोळी बाटलीतल्या गोळीशी ताडून बघायची, आणि नव्या कागदात नव्याने बांधायची. जुना कागद फाडायचा. एकीने वाचायचं, दुसरीने दाखवायचं. मग शोधायला निघायचं, कारण पुठ्ठ्यावरच्या पुड्या सगळ्यांत सोज्वळ. खऱ्या वस्ताद पुड्या कोणाच्या कोटाच्या खिशात, उशीच्या अभ्र्यात, किंवा लेकीकडे जायला भरलेल्या पिशवीत दडलेल्या असायच्या.

आणि काढलेली गोळी परत बाटलीत टाकायची नाही. यावरून शिर्के साहेबांशी माझं दर आठवड्याला वाजायचं. ते पानातला मिठाचा कणसुद्धा न टाकणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं, गोळीला काय झालंय, ती आंबली का? मी सांगायची, साहेब, ताटात आलेली ही गोळी तीच आहे असं मला नव्याण्णव टक्के वाटतंय, आणि तो उरलेला एक टक्का तुमच्या पुडीत बांधून देऊ का? साहेबांना स्वतःला रक्तदाबाची गोळी होती. मग ते कागदांचा हिशेब काढून बसायचे. काढलेल्या गोळ्या मी खलात कुटून स्वयंपाकघरातल्या चहाच्या ओल्या चोथ्यात कालवायची, म्हणजे कोणी मोहाने उचलून खायचा प्रश्न नको. हो, खायचे. कचऱ्याच्या डब्यातून गोळी उचलून, पदराला पुसून, "चांगली होती हो" म्हणत गिळणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्या पिढीने रेशनच्या रांगा काढल्या तिला गोळी टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान वाटायचा.

गोळी कमी झाली की माणूस खूश होईल, असा माझा नोकरीच्या सुरुवातीला भाबडा समज होता. घाडगे मामांनी तो पहिल्याच महिन्यात उतरवला. मामा निवृत्त बस कंडक्टर. पुडी हातात आली की उजेडाकडे धरून आधी मोजणार. डॉक्टरांनी त्यांची पित्ताची गोळी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलासमोर उभे.

"मॅडम, काल पाच होत्या, आज चार. एक पॅसेंजर मधेच कुठे उतरला?"

मी सांगितलं, तुमचं पित्त बरं झालं. मामांना ते पटेना. त्यांचा संशय शिर्के साहेबांवर होता. साहेबांना ढेकर येतात, त्यांनीच माझी गोळी लांबवली असणार, असं ते जेवणाच्या खोलीत उघड बोलायला लागले. शेवटी मी डॉक्टरांचा कागद, पुडी आणि बाटली तिन्ही त्यांच्यापुढे मांडून हिशेब जुळवून दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यानंतर मात्र ते इतके तयार झाले, की जेवताना दुसऱ्यांच्या पुड्या तपासायला लागले. त्यांना आवरणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं.

हे झाले किरकोळ तंटे. ज्या एका गोळीने माझी झोप उडवली ती यमुनाबाईंची.

यमुनाबाई कराडकडच्या. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. मुलगा ठाण्याला एका कारखान्यात, दोन खोल्यांचं घर, त्यात सून, दोन मुलं आणि सुनेचे वडील. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना आमच्याकडे आणून सोडलं, तेव्हा म्हणाला होता, मोठी जागा झाली की नेतो. त्याला दोन वर्षं झाली होती. मुलगा वाईट नव्हता, महिन्याला येऊन जायचा, पण घरी चल असं काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. यमुनाबाईही विचारायच्या नाहीत. मात्र ट्रंक कधी पूर्ण उघडून लावली नाही त्यांनी. निघायचं झालं तर उशीर नको.

त्यांच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर मालूताई. चिपळूणच्या, पण हयात मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेलेली. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर सांगायच्या, लाइन बिझी होती. दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. यमुनाबाईंना पंखा नको, मालूताईंना हवा. एकीला आमटीत गूळ चालायचा नाही, दुसरीला त्याशिवाय आमटी वाटायची नाही. दिवसभर भांडण. पण रोज दोघींच्या खाटांमधून एक स्टीलची वाटी फिरायची. यमुनाबाईंकडून शेंगदाण्याची चटणी निघाली की मालूताईंकडून आंबोशीचं लोणचं येणार. वाटी रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडच्या बायकांचा कायदा. पंख्याची भांडणं पंख्याच्या जागी, वाटी वाटीच्या जागी.

दोघींना हृदयाचा त्रास होता आणि दोघींना एकच गोळी होती, डिजॉक्सिन. फार गुणी गोळी, पण स्वभावाने कडक. हृदयाला शिस्त लावते. अंगात थोडी जास्त साठली तर शिस्त इतकी लागते की नाडी मंद होत होत माणूस आडवा पडतो. म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं दमलेली असतात, त्यामुळे ती साठते कधी ते कळतही नाही.

आम्हाला ते कळलं ते भातावरून. यमुनाबाई जेवताना आचाऱ्यावर उखडायला लागल्या. भातात हळद का घालतोस? आचारी शपथा घेऊन दमला. मग एकदा म्हणाल्या, दूध नासकं आहे, पिवळं दिसतंय. आचाऱ्याने माझ्याकडे येऊन राजीनाम्याची भाषा केली. मी काही लक्ष दिलं नाही, कारण यमुनाबाईंनी आचाऱ्याची तारीफ केली असती तर मला खरी काळजी वाटली असती. पण त्यानंतर दोन दिवसांनी त्या माझ्याच दारात आल्या.

"पोरी, सकाळच्या पारी दुपारची पुडी का देतीस मला? मला काय रंग कळत न्हाई व्हय?"

हातात पुडी होती. पांढरीशुभ्र. त्या ती पिवळी म्हणत होत्या.

डिजॉक्सिन जास्त झालं की जग पिवळं दिसतं, हे मी कॉलेजात घोकलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते, आणि असं कधी कोणाला होत असेल यावर काडीचा विश्वास ठेवला नव्हता. मी त्यांना माझ्या पांढऱ्या कोटाचा रंग विचारला. म्हणाल्या, धुवायला झालाय. मी शिपायाला वाशीला पिटाळलं. डॉक्टर साठे स्कूटरवर आले, नाडी मोजली, पन्नासच्या खाली. कागदावर लिहिलं, बंद. मला म्हणाले, ही गोळी गेली की आठवड्यात नाडी वर यायला हवी. आणि गेले.

मी त्याच दुपारी यमुनाबाईंचा पुठ्ठा रिकामा केला. ज्या मावशींबरोबर मी पुड्या सोडायची त्या हिराबाई, खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या कोळीण. सकाळी मासळी विकून मग आमच्याकडे यायच्या. त्यांनी एकेक गोळी बोटावर धरून दाखवली, मी ताडून बघितली, सगळ्या पुड्या नव्याने बांधल्या. यमुनाबाईंची उशी, ट्रंक, कनवटीसुद्धा बघितली. काढलेल्या गोळ्या चोथ्यात गेल्या. बाटलीवरचं त्यांचं नाव खोडलं. इतकं चोख काम झालं होतं की मी स्वतःवर खूश होऊन संध्याकाळी दोन कप चहा घेतला.

आठवडा झाला तरी नाडी होती तिथेच. भात अजून पिवळा. अन्नावरची वासना गेलेली. डॉक्टरांनी भुवया वर केल्या आणि फार सौम्य आवाजात मला विचारलं, "पुड्या नीट तपासल्या होत्या ना?" माझ्या जिव्हारी लागलं ते. रागावले असते तर परवडलं असतं. मी त्यांच्यासमोर सगळ्या पुड्या पुन्हा सोडल्या. एकाही पुडीत ती गोळी नव्हती. शिर्के साहेब दारात उभे राहून हे बघत होते, आणि त्यांनी एवढे कागद वाया गेले असं म्हटलं नाही, यावरूनच प्रसंग किती गंभीर आहे ते मला कळलं.

मग डॉक्टर म्हणाले की गोळी बंद होऊनही नाडी मंद असेल, तर दोष गोळीचा नाही, हृदयाचाच. मुंबईच्या इस्पितळात नेऊन छातीत पेसमेकर बसवावा लागेल. नाक्यावरच्या पीसीओतून मुलाला फोन केला. त्याने रविवारी गाडी घेऊन येतो म्हणून सांगितलं. सत्तरीची बाई, दमलेली मूत्रपिंडं, आणि छातीवर शस्त्रक्रिया. डॉक्टर स्वतःच म्हणाले, मला हे आवडत नाहीये, पण इलाज नाही.

त्याच दिवशी त्यांनी मालूताईंना तपासलं, तर तिथे उलटंच. इतके महिने ठणठणीत असलेल्या मालूताईंच्या पायांवर सूज, दोन पायऱ्या चढल्या की धाप, नाडी पळतेय. डॉक्टर म्हणाले, हिची गोळी पुरत नाहीये, पुढच्या वेळी दीड करू.

मी घरी गेले, पण जेवण जाईना. एकाच खोलीत, एकाच गोळीच्या दोन बायका. जिची बंद केली तिची नाडी गोळी चालू असल्यासारखी वागतेय, आणि जिची चालू आहे ती गोळी मिळत नसल्यासारखी. पुड्यांची अदलाबदल झाली म्हणावं, तर बाकीच्या गोळ्या जिच्या तिला बरोबर पोचत होत्या. शेवटी ठरवलं, उद्या सकाळी त्या खोलीत जाऊन बसायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं.

सकाळी मी मालूताईंच्या खाटेच्या कोपऱ्यावर बसले. हिराबाईंनी पुड्या दिल्या. यमुनाबाईंनी पुडी उघडली, पाण्याबरोबर सगळ्या गोळ्या गिळल्या. चोख. मालूताईंनी पुडी उशीपाशी ठेवली, कारण चहाआधी त्या देवाचंही ऐकत नसत. हिराबाई पुढच्या खोलीत गेल्या. चहा आला. मालूताईंनी तो सावकाश घेतला, मग पानाचा डबा मांडीवर ओढला, पुडी उघडली, झाकणावर गोळ्या ओळीने मांडल्या. मोठ्या गिळल्या. बारकी पांढरी उचलली, अडकित्त्यात धरली आणि सुपारी फोडावी तशी कट्कन मधोमध तोडली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. उरलेली अर्धी वाटीत ठेवली आणि वाटी खाटेवरून पलीकडे सरकवली. यमुनाबाईंनी ती अर्धी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, वाटीत चमचाभर चटणी वाढली आणि वाटी परत केली.

माझ्या डोळ्यांदेखत. लपवाछपवी काही नाही. मी उठले ती इतक्या जोरात, की हिराबाई धावत परत आल्या. काय झालं ते ऐकून म्हणाल्या, "मी त रोज बगते, बाय. वाटी जाते हिकरून तिकरं. मना वाटला लोनचा हाय."

मालूताईंना मी का ओरडतेय हेच कळेना. "अहो मॅडम, टेन्शन काय घेता? चोरी केली का आम्ही? माझी गोळी आहे. मी तिला दिली."

मी म्हटलं, "अहो, पण तिची बंद केलीय."

"तेच तर," मालूताई म्हणाल्या. "तुम्ही बंद केलीत. ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. तुमच्यापैकी कोणी बघितलं? म्हटलं, एक आहे ना गोळी, दोघींत करू."

यमुनाबाई खाली बघत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, भिंतीकडे तोंड करून का? त्यांनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याच्या वेळी असंच झालं होतं. इस्पितळात आधी एक गोळी बंद झाली, मग दुसरी, मग इंजेक्शन. आणि सगळं बंद झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

"मग माझी बंद केली तवा म्या वळाकलं," त्या म्हणाल्या. "डाक्टरनं हात टेकलं. आता मुलाला पण बोलवून घेतलंय तुमी."

मला फार वाईट वाटलं. आम्ही त्यांच्या पुडीतून गोळी काढली होती, आणि गोळी का काढली हे त्यांना सांगण्याचं काम कोणाचंच नव्हतं. डॉक्टर कागदावर लिहून गेले. मी कागद बघून पुड्या सोडल्या. पुडी ज्या बाईची, तिच्या हातात एक दिवस चार गोळ्या आल्या आणि तिने त्याचा अर्थ स्वतःच लावला.

मी समजावलं. म्हटलं, या गोळीनेच तुम्हाला पिवळं दिसतंय, बरं वाटावं म्हणूनच बंद केलीय. यमुनाबाई मान डोलवत होत्या, पण विश्वास काही बसत नव्हता. आजारी माणसाला सगळे असंच सांगतात, हे त्या नवऱ्याच्या उशाशी बसून शिकल्या होत्या. मला माझ्या पदविकेचा तिथे काही उपयोग दिसेना.

मग मी मालूताईंचा हात धरून यमुनाबाईंच्या हातात दिला आणि नाडीवर त्यांची बोटं टेकवली. म्हटलं, ही बघा, कशी पळतेय. आता दुसऱ्या हाताने तुमची स्वतःची बघा. त्यांनी बघितली. मी म्हटलं, तुमच्या अंगात ही गोळी जास्त आहे आणि तिच्या अंगात कमी पडतेय. तिला एक पूर्ण लागते. अर्धी तुम्हाला गेली, म्हणून तिचे पाय सुजले. डॉक्टर तिची दीड करणार होते, मग तुमची पाऊण झाली असती.

यमुनाबाईंनी मालूताईंच्या पायावरची चादर बाजूला केली. घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वतःची नाडी बंद पडली असती तरी ज्या बाईने आवाज काढला नसता, ती आता संतापली.

"अगं बया. हे माझ्यापायी? आणि तू तोंडातनं बोलली न्हाईस?"

मालूताई म्हणाल्या, "मला काय माहीत कशाने सुजले. मला वाटलं लोणच्याने."

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत कडक अंमल सुरू झाला. मालूताईंनी चहाआधी गोळी घ्यायची. अडकित्ता यमुनाबाईंच्या ट्रंकेत, कुलपाआड. मालूताईंनी पूर्ण गोळी जिभेवर ठेवायची, ती आधी दाखवायची, मग पाणी, मग तोंड उघडून पुन्हा दाखवायचं. जीभ वर, जीभ खाली. मालूताई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की ही बाई माझ्या कवळीच्या मागे पण बघते. मी सांगितलं, सहन करा. वाटी मात्र चालू होती. फक्त आता त्यात काय आहे ते मी रोज स्वतः वाकून बघायची.

मीही एक पद्धत बदलली आणि ती निवृत्त होईपर्यंत पाळली. कोणाची गोळी बंद झाली, की पुठ्ठा उचलून त्या माणसाच्या खाटेवर जायचं. पुड्या त्याच्यासमोर सोडायच्या, का बंद झाली ते त्याच्या भाषेत सांगायचं, आणि काढलेली गोळी त्याच्याच हाताने चोथ्यात टाकायला लावायची. वेळ तिप्पट लागायचा. घाडगे मामा तर प्रत्येक वेळी तीच गोष्ट मला तीनदा सांगायला लावायचे. शिर्के साहेब म्हणायचे, पुडीबाई कीर्तनाला बसल्या. बसले होते खरी. आणि डॉक्टर साठेंना मी सांगितलं, यापुढे कागदावर बंद लिहिलंत तर पेशंटच्या तोंडाकडे बघून एक वाक्य बोलायचं. ते हसले, आणि पुढच्या शुक्रवारी खरंच बोलले. दोन वाक्यं बोलले.

रविवार आला. वाटीचा प्रकार ऐकून डॉक्टर म्हणाले होते, रविवारी मी मुद्दाम येतो, नाडी बघून मगच इस्पितळाचं ठरवू. मधल्या दिवसांत नाडी थोडी वर सरकली होती, पण तेवढी पुरेशी आहे का हे डॉक्टर सांगत नव्हते. मी माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच जाऊन बसले. यमुनाबाईंचा मुलगा कोणाची तरी गाडी मागून घेऊन आला होता. हातात रिकामी बॅग, इस्पितळात न्यायचे कपडे भरायला. चेहरा असा, की रात्री डोळ्याला डोळा लागला नसावा. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं. मुलगा भिंतीला टेकून उभा. हिराबाई दारात पदर तोंडाशी धरून.

"गरज नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण ते यमुनाबाईंकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आजी, ती गोळी बंद केली ती तुम्हाला नको होती म्हणून. तुमचं हृदय चांगलं आहे. चालेल अजून पुष्कळ."

मुलगा मटकन खाटेवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने उठला, आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, आई, ही बॅग आणलीच आहे, तर घरी चल. जागा होईल कशीतरी. मुलं बाहेरच्या खोलीत झोपतील.

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी ट्रंक अर्धी भरून ठेवली होती ते वाक्य. मला वाटलं, आता ही बाई अनवाणीच गाडीत जाऊन बसेल. यमुनाबाईंनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "यीन की रं. पर हिची गोळी कोण बघंल?"

मुलाला काही कळलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी काही सांगायच्या आतच मालूताई पलीकडच्या खाटेवरून उठून बसल्या. "जा तू, मला काही होत नाही," म्हणाल्या, आणि त्या परक्या माणसासमोर त्यांनी आ वासला, जीभ वर केली, खाली केली, कवळी काढून हातात धरली.

यमुनाबाईंनी चष्मा लावला आणि वाकून नीट आत बघितलं.

"आज गिळलीस," त्या म्हणाल्या. "उद्याचं काय?" आणि मुलाला म्हणाल्या, "बस रं, च्या घेऊन जा."